दोन मशिनींची होडी

नूरुद्दीन परकारनं आपल्या चोवीस वर्षांच्या लेकीच्या थोबाडीत मारली ती शारजाजवळच्या हमरियाच्या होड्यांच्या यार्डात, भर दुपारी, दोन होड्यांच्या मधोमध उभं राहून. आणि कशावरून म्हणाल? तर होडी कुठली घ्यायची यावरून! लोक जमिनीवरून भांडतात, लग्नावरून भांडतात. हा बाबा होडीच्या मशिनीवरून भांडला. पण हसू नका. पुढं जे झालं ते ऐकलंत तर हसणार नाही.

नूरुद्दीनचा उम्म अल क्वैनच्या खाडीवर छोटासा धंदा होता. सुट्टीच्या दिवशी दुबई-शारजाहून कुटुंबं यायची. कुणाला होडीमागं दोरी धरून पाण्यावर स्की करायची असायची, पोराटोरांना हवा भरलेल्या गोल ट्यूबवर पालथं पडून किंचाळत फरफटत जायचं असायचं. उझमा, त्याची लेक, याच खाडीत स्की शिकली आणि आता दुसऱ्यांना शिकवायची. जुनी होडी थकली होती. नवी घ्यायची म्हणून बापलेक यार्डात आले होते.

यार्डवाल्यानं दोन वापरलेल्या होड्या काढून ठेवल्या होत्या. एक बुटकी, चपटी, बघताना होडी वाटूच नये अशी. दुसरी उंच, रुंद, मासेमारीची, आणि तिच्या शेपटीला बाहेरून टांगलेली दोन काळीकुट्ट आउटबोर्ड मशिनं. नूरुद्दीन दुसऱ्या होडीकडे गेला तो तिथंच चिकटला.

"अब्बा, ती नको," उझमा म्हणाली. "ही बघा ना. इंजिन मधे आहे, पंखा पोटाखाली. मागं काहीच नाही. लाट फ्लॅट राहते, स्कीवाला सरळ जातो. दोरी बांधायला मधे खांब आहे. पडलेला माणूस मागच्या फळीवरून सहज वर येतो. इट्स मेड फॉर धिस."

"मशीन एकच," नूरुद्दीन म्हणाला.

"एकच लागतं."

"आणि बंद पडलं तर?"

"नाही पडत, अब्बा."

"पडलं तर गो?" नूरुद्दीनचा आवाज चढला. "दोन मशिनं हवीत. एक मेलं तर दुसरं घरी आणतं. आठवडाभर फिशिंगची गिऱ्हाईकं नेईन, सुट्टीला तुझी ही ट्यूब ओढीन. खलास. ठरलं."

आता हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगितलं पाहिजे. नूरुद्दीन दाभोळकडचा. सतरा वर्षांचा असताना तो आणि त्याचा थोरला भाऊ ओवेस जाळं ओढायला गेले होते. ओवेसनं तेल वाचवायला मशीन बंद केलं. जाळं वर आलं, मासळी चांगली लागली, दोघं खुशीत होते. मग ओवेस मशिनीची दोरी ओढायला लागला, आणि मशीन काही चालू होईना. ओढून ओढून त्याच्या तळव्याची सालं निघाली. भरतीनं होडी खाडीच्या तोंडाशी, जिथं वाळूवर लाटा फुटतात तिथं नेऊन आपटली. नूरुद्दीन फळीला धरून वाचला. ओवेस दुसऱ्या दिवशी सापडला, तोही धड नाही. तेव्हापासून नूरुद्दीननं पाण्यावर मशीन कधी बंद केलं नाही. माणूस चढो, उतरो, जाळं गुंतो, गिऱ्हाईक ओको, मशीन सुरू ते सुरूच. चालवणारा पाण्यात पडला तर मशीन आपोआप थांबावं म्हणून चालवणाऱ्याच्या मनगटाला एक लाल दोरी असते. ती नूरुद्दीननं जन्मात मनगटाला लावली नाही. प्रत्येक होडीवर तो ती दोरी मशीन थांबवायच्या बटणापाशीच गुंडाळून नायलॉनच्या सुतळीनं करकचून बांधून टाकायचा, म्हणजे चुकूनही ओढली जायला नको. बायकोनं, शहनाझनं एकदा त्यावरून हटकलं तर तो तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

हे सगळं उझमाला ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकून ऐकून तिच्या कानांना घट्टे पडले होते. पण पोरगी बापाचीच, हट्टाला कमी नाही. ती त्या काळ्या मशिनीपाशी गेली, खाली वाकली आणि पंख्याच्या पात्यावर बोट ठेवलं.

"ट्यूबवर लहान मुलं असतात, अब्बा. पडतात. आणि तुम्ही फिशिंगसारखे रिव्हर्स येता त्यांच्यावर. लिसन टू मी. एक दिवस कुणाचं तरी पोर या पात्यात जाणार."

बस्स! तिथंच थप्पड बसली. अजून होडी घरात आली नाही, तिच्यावर फातिहा पढून झाली नाही, आणि ही बया तिच्यासमोर असलं अभद्र बोलते! नव्या होडीसमोर मरणाचं नाव काढायचं नाही, हे दाभोळमधलं शेंबडं पोरही जाणतं. नूरुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. थपडेचा आवाज इतका मोठा झाला की पलीकडं वेल्डिंग करणारा माणूसही काच वर करून बघायला लागला.

उझमा रडली नाही. गालाला हात लावला आणि गाडीत जाऊन बसली. नूरुद्दीननं दोन मशिनींची होडी घेतली.

पुढच्या रविवारी पहिलं गिऱ्हाईक आलं ते दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्सचं. मुरलीधर, त्याची बायको सुजाता आणि अकरा वर्षांची मिहिका. मुरलीधर मोठा हौशी. होडी बघितल्या बघितल्या शीळ घातली. "वा, नूरुद्दीनभाई! हे तर विमानच झालं की!" नूरुद्दीन फुलला. त्यानं उझमाकडे तिरका डोळा टाकला. बघ म्हणावं, शिकलेली माणसं काय म्हणतात. उझमा मिहिकाच्या जॅकेटचे पट्टे आवळत होती. एकदा आवळले, ओढून बघितले, परत आवळले.

"ट्यूबचा हा पट्टा हातात धरायचा," ती मिहिकाला म्हणाली. "मनगटाला गुंडाळायचा नाही. प्रॉमिस?"

"आय नो, आय नो," मिहिका म्हणाली. तिला कधी एकदा पाण्यात जाते असं झालं होतं.

सुजाता किनाऱ्यावर छत्रीखाली बसली. मुरलीधर होडीच्या पुढच्या टोकाला मोबाईल घेऊन बसला. उझमा मागं तोंड करून, ट्यूबवर नजर ठेवून. बापाशी ती आठवडाभर बोलली नव्हती, पण होडीवर चढली होती. कुणीतरी मागं बघणारं हवं होतं.

पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. मिहिका किंचाळत होती, हसत होती, अंगठा वर करून अजून जोरात म्हणून खुणावत होती. नूरुद्दीनला चेव आला. त्यानं वळण जरा जास्तच जोरात घेतलं. उंच होडीची लाटही उंच. ट्यूब त्या लाटेवर चढली, उलटी झाली आणि पोर पाण्यात फेकली गेली.

"पडली!" उझमा ओरडली. "स्लो! लांबून फिरून या, अब्बा!"

लांबून फिरून? नूरुद्दीनला हसू आलं. फिशिंगच्या होडीवर त्यानं कैक वर्षं काढली होती. गिऱ्हाइकाच्या गळाला मोठा मासा लागला की मागं मागं येत त्याच्याजवळ जायचं, ही त्याच्या हाताची करामत सगळी खाडी ओळखून होती. त्यानं वेगाचे दोन्ही दांडे मागं ओढले. दोन्ही मशिनं गुरगुरली आणि होडी शेपटीकडून पोरीकडे निघाली.

"रिव्हर्स नको! अब्बा, दोरी! दोरी पाण्यात आहे!"

"गप बस गो! मला शिकवू नको!"

मधे उभ्या असलेल्या नूरुद्दीनला मिहिका दिसेनाशी झाली. त्या दोन धिप्पाड मशिनींमागं लपली. दिसत होती ती उझमाला. पोरीनं पट्टा मनगटाला गुंडाळला होता. प्रॉमिस केलं होतं तरी गुंडाळलाच होता. आणि पाण्यावर सैल पडलेली ओढदोरी डाव्या मशिनीच्या पंख्याकडे सरकत होती.

पंख्यानं दोरी धरली. करकर असा आवाज आला. दोरी पात्यांभोवती भराभर गुंडाळायला लागली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला असलेली ट्यूब हिसका बसून होडीकडे आली. ट्यूबबरोबर पोर. मिहिकाचा हात पट्ट्यात अडकलेला, तोंडात पाणी, आणि ती आता हसत नव्हती.

डावं मशीन घुसमटलं, धापा टाकायला लागलं, आणि बंद पडलं.

झालं! नूरुद्दीनच्या कानांना फक्त तेवढंच कळलं. मशीन बंद पडलं. मागं उझमा घसा फाडून ओरडत होती, पुढून मुरलीधर "काय झालं, काय झालं" करत धावत येत होता, त्यातलं एक अक्षर त्याच्या आत शिरलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं ओवेस होता, मशिनीची दोरी ओढणारा, सालं निघालेल्या हातांचा ओवेस. पण एक मशीन अजून जिवंत होतं. उजवं. ते मरता कामा नये. नूरुद्दीननं उजवा दांडा गच्च धरला आणि आणखी मागं ओढला.

एकच मशीन चालू, तेही उलटं. होडीची शेपटी पोरीच्या दिशेनं फिरली.

उझमानं झेप घेतली आणि लाल दोरी पकडली. ओढली. दोरी हलेना. बटणापाशी सुतळीचे वेढेच वेढे, गाठीवर गाठ. तिनं दातांनी गाठ धरली, नखं मोडली, सुतळी सुटेना. मग ती किल्लीवर झडपली. नूरुद्दीननं तिला कोपरानं असं ढकललं की ती तोल जाऊन पडली आणि कपाळ होडीच्या कडेला लागलं. डोळ्यांपुढं अंधारी आली.

"बंद करू नको!" नूरुद्दीन ओरडला. "मरू सगळे! बंद करू नको!"

उझमाच्या हाताला खाली काहीतरी लागलं. लाकडी दांडका. मोठा मासा होडीत आला की त्याच्या डोक्यात घालायचा तो, जुन्या मालकानं होडीसोबत सोडलेला. माशांच्या रक्तानं काळा पडलेला. ती तो घेऊन उठली.

"सोडा, अब्बा."

त्यानं सोडलं नाही.

तिनं मारलं. बापाच्या मनगटावर, दांड्यावर घट्ट बसलेल्या हातावर, सगळं बळ लावून. नूरुद्दीन गुरासारखा हंबरला. पण हात तिथंच. मूठ घट्टच. मागून मिहिकाची किंकाळी आली आणि मधेच तुटली. उझमानं दांडका डोक्यावर उचलला आणि दुसऱ्यांदा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला मशिनीच्या आवाजातही ऐकू आला. हात सुटला, मनगट भलत्याच बाजूला वळलं. तिनं किल्ली फिरवली.

आवाज गेला.

मुरलीधर बुटांसकट पाण्यात उडी मारून गेला होता. मागं हवा निघून गेलेली ट्यूब चिंध्या होऊन तरंगत होती. पाणी लाल होत होतं. मुरलीधर पोरीला शोधत, वेड्यासारखा हात मारत होता, आणि मग तो उभा राहिला. हो, उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपर्यंतच होतं. त्यानं पंख्यापाशी हात घातला, पट्टा ओढून सोडवला आणि मिहिकाला वर उचललं. तिची पोटरी गुडघ्याखालपासून उघडी पडली होती, आतलं पांढरं दिसत होतं. पोर खोकली, पाणी ओकली आणि मग मोठ्यानं रडली. उझमानं टॉवेल घेतला, होडीच्या कडेवर पालथी पडली आणि त्या पायाला आवळून धरला.

आणि नूरुद्दीन? तो मोडका हात पोटाशी धरून ओरडत होता. "चालू कर! चालू कर गो मशीन! आपटेल, होडी आपटेल!"

होडी कुठंच आपटली नाही. वाऱ्यानं जराशी सरकली, वाळूला टेकली आणि थांबली. लाट नाही, काही नाही. सपाट, उथळ खाडी, जिथं लहान मुलं खेळायला येतात. मुरलीधर छातीएवढ्या पाण्यात उभा होता. नूरुद्दीन त्याच्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या होडीकडे, मग त्या पाण्याकडे. त्याचं ओरडणं आपोआप थांबलं.

मुरलीधरनं पोरीला उझमाच्या हातात दिलं आणि तो वर चढला. भला माणूस, कुणाला कधी अरेतुरे केलं नसेल. त्यानं नूरुद्दीनला खाली पाडलं, छातीवर बसला आणि तोंडावर गुद्दे घालायला लागला. "माझी पोर! हरामखोरा, माझी पोर!" नाक फुटलं, ओठ फाटला, एक दात तुटला. नूरुद्दीननं चांगला हातही वर केला नाही. शेवटी उझमाच ओरडली, "काका, तिला धरा! मला एकटीला जमत नाही! तिला धरा!" तेव्हा मुरलीधर उठला.

किंकाळ्या ऐकून शेजारच्या धंदेवाल्याची होडी निघाली होती. बुटकी, चपटी, यार्डात होती तशीच. ती जवळ आली, आणि जवळ येता येता चालवणाऱ्यानं मशीन बंद केलं. नूरुद्दीननं सुजलेल्या डोळ्यानं ते बघितलं. मशीन बंद, होडी आपल्याच वेगानं सरकत आली आणि अलगद शेजारी लागली. मिहिकाला मागच्या रुंद फळीवर ठेवलं, तिच्यामागून मुरलीधर, मग उझमानं बापाला काखेत हात घालून उतरवलं. मागं कुठंही पातं नव्हतं. सगळे बसले. चालवणाऱ्यानं किल्ली फिरवली.

मशीन चालू झालं. एका किल्लीत.

नूरुद्दीन तेव्हा रडला. मोडलेल्या हातासाठी नव्हे, तुटलेल्या दातासाठी नव्हे. ओवेससाठी रडला, इतक्या वर्षांनी, हुंदके देऊन, परक्या माणसाच्या होडीत. कुणी त्याला गप्प केलं नाही.

इस्पितळात मिहिकाला आत नेलं. पाय वाचेल, असं बाहेर येऊन सांगितलं गेलं. चालताना लंगडेल का ते नंतर कळेल. सुजाता जमिनीवर बसून होती. मुरलीधर भिंतीला टेकून उभा होता. नूरुद्दीन त्यांच्यापाशी गेला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सुजातानं नुसतं वर बघितलं. तो परत फिरला.

त्याच्या हाताला प्लास्टर घालायला मराठी डॉक्टर होत्या, विभावरी नावाच्या. शेजारी पोलीस उभा होता, पाण्यावरचा अपघात म्हटल्यावर तो येणारच. त्यानं हिंदीत विचारलं, डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "मनगटावर दोन ठिकाणी मार आहे. हा पंख्याचा नाही. कशानं झालं?"

"मी मारलं," उझमा म्हणाली. ती दाराशी उभी होती, अंगावर त्या पोरीचं वाळलेलं रक्त. "दांडक्यानं."

पोलिसाला तेवढं कळलं. तो तिच्याकडे वळला. डॉक्टरांनी नूरुद्दीनकडे बघितलं. "तुमच्या मुलीनं मारलं? ते विचारतायत, तक्रार द्यायची आहे का?"

नूरुद्दीननं नाकावरचं रक्त पुसलं.

"दोनदा मारलं तिनं," तो म्हणाला. "पहिल्या फटक्याला मी हात सोडला नाही."

"का नाही सोडला?"

"मशीन बंद पडेल म्हणून."

"म्हणजे मशीन बंद होत नव्हतं?"

"होत होतं. किल्ली फिरवली की होतं. लहान पोरानंही केलं असतं. मीच करत नव्हतो. तसंच लिहा त्यांना म्हणावं. लाल दोरी मी बांधून ठेवली होती. उलटा मी आलो. तिनं सांगितलेलं, यार्डात, आधी. तिच्या नावावर एक अक्षर लिहू नका. तिनं मारलं नसतं तर ती पोर..."

डॉक्टरांनी पोलिसाला सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, बराच वेळ. मग तो नूरुद्दीनला म्हणाला, प्लास्टर झालं की माझ्याबरोबर चल. नूरुद्दीननं मान हलवली. उठताना त्याचा तोल गेला. उझमानं त्याला सावरलं, चपला पायांपुढं सरळ करून ठेवल्या.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या कपाळावर, त्यानं ढकललं तेव्हा लागलेलं, टेंगूळ आलं होतं. पण त्याची नजर खाली, गालावर होती.

"दुखतो काय गो अजून?"

उझमाला आधी कळलं नाही तो कशाबद्दल विचारतोय. मग कळलं.

"हो," ती म्हणाली. "दुखतो."

नूरुद्दीननं मान डोलावली आणि चपला घालून पोलिसाच्या मागून निघाला.